‘अपॉल्ड’ लिहिताय? या चुका टाळा

‘अपॉल्ड’ म्हणजे ‘चकित’ नव्हे. इंग्रजी पत्रं तपासण्याचं काम माझ्याकडे येतं आणि हीच चूक पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून आता सविस्तर लिहिते. समोरचं काहीतरी इतकं वाईट आहे की आपण हादरलो, आणि त्या हादरण्यात चीड किंवा किळसही आहे, तेव्हाच हा शब्द वापरायचा. जुन्या फ्रेंचमधल्या ‘फिकं पडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला आहे. लहान मुलाला झालेली मारहाण पाहून माणूस अपॉल्ड होतो, मित्राला अचानक बढती मिळाली म्हणून होत नाही.

एका संस्थेतून व्याख्यात्यांना आभाराचं पत्र गेलं. लिहिणाऱ्या मुलाला ‘सरप्राइज्ड’ फार साधा वाटला. त्याने मोबाइलवर समानार्थी शब्दांची यादी उघडली आणि ‘शॉक्ड’च्या शेजारचा भारदस्त शब्द उचलला. वाक्य झालं, ‘अवर स्टुडंट्स वेअर अपॉल्ड बाय युअर नॉलेज.’ म्हणजे तुमचं ज्ञान बघून आमच्या विद्यार्थ्यांना संतापजनक धक्का बसला! पुढचा मजकूर मनापासूनच्या कौतुकाचा होता, त्यामुळे ते वाक्य आणखीच खोचक वाटलं. माझ्या भाषणात नेमकं काय खटकलं, असं व्याख्यात्यांनी फोन करून विचारलं. त्यानंतर पत्र माझ्याकडे आलं. तिथे ‘इम्प्रेस्ड’ पुरेसं होतं.

समानार्थी शब्दांच्या यादीचा हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. यादीत शब्द शेजारी दिसतात, पण कुठला कौतुकाचा आणि कुठला निषेधाचा हे कळत नाही. मी नवा शब्द वापरण्याआधी शब्दकोशातली उदाहरणवाक्यं वाचते आणि त्यातली माणसं खूश आहेत की संतापलेली, ते बघते. नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. मग ‘सरप्राइज्ड’च लिहा ना, त्यात कमीपणा काय?

‘अपॉल्ड’ आणि ‘अपॉलिंग’ यांची अदलाबदल तर रोजची. धक्का ज्याला बसला तो अपॉल्ड, ज्याच्यामुळे बसला ते अपॉलिंग. ‘आय अ‍ॅम अपॉलिंग’ म्हणजे ‘मी अत्यंत वाईट आहे’. ‘अपॉलिंग’ मात्र नुसतं ‘फारच वाईट’ अशा हलक्या अर्थानेही चालतं: अपॉलिंग हवा, अपॉलिंग अक्षर.

सांत्वनाच्या पत्रात हा शब्द नको. नैसर्गिक मृत्यूची बातमी ऐकून दुःख होतं, चीड येत नाही. तिथे ‘शॉक्ड अँड सॅडन्ड’ लिहा. खून किंवा निष्काळजीपणाने गेलेला जीव असेल, तर गोष्ट वेगळी.

‘व्हेरी अपॉल्ड’ नको, शब्द मुळातच टोकाचा आहे. जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’. पुढे ‘अ‍ॅट’ किंवा ‘बाय’ येतं, ‘फ्रॉम’ कधीच नाही. टाळ्या वाजवल्या असतील तर ऐकायला जवळचा पण वेगळाच शब्द, ‘अप्लॉडेड’. उच्चार ‘अ‍ॅपल्ड’ नाही, जोर ‘पॉ’वर. ‘अपॉल’ या मूळ इंग्रजी क्रियापदाच्या शेवटी ब्रिटिश लेखनात एक एल, अमेरिकन लेखनात दोन, पण ‘अपॉल्ड’ आणि ‘अपॉलिंग’मध्ये दोन्हीकडे दोनच.

आणि त्याऐवजी ‘अगास्ट’ (धक्क्याने किंवा भीतीने सुन्न झालेला) वापरणार असाल, तर तो नामाच्या आधी बसत नाही: ‘अगास्ट पीपल’ चूक, ‘पीपल वेअर अगास्ट’ बरोबर.