पीटी-एपीटीटी बिघडलेला आला? फॅक्टर मागवण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, पीटी नॉर्मल आहे, एपीटीटी ५२ आलाय. हिमोफिलियाच दिसतोय, फॅक्टर आठची चाचणी लावून टाका." असे फोन सांगली-मिरजेतल्या लॅबना नवे नाहीत. पीटी आणि एपीटीटी म्हणजे गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या रक्ताच्या दोन चाचण्या, फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, आणि त्यातला आठ किंवा नऊ जन्मतः कमी असला की हिमोफिलिया. मी उलट विचारते, रक्त कुणी काढलं, कुठून काढलं, किती वाजता? उत्तर ठरलेलं असतं, "ते सिस्टरना विचारावं लागेल." मग विचारा की! रिपोर्टवरचा आकडा नळीतल्या रक्ताचा असतो. तो पेशंटचाही आहे की नाही, हे आधी ठरवावं लागतं.

फिकट निळ्या टोपणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं (ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीत रक्त गोठत नाही), आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे. ०.३ मिली सायट्रेट असेल तर रक्त २.७ मिली, म्हणजे रेघेपर्यंत. लहान मुलाची शीर सापडेना म्हणून दीड मिलीवर थांबलात, तर जास्तीचं सायट्रेट चाचणीत घातलेलं कॅल्शियमही धरून ठेवतं आणि एपीटीटी उगाच लांबतो. त्याहून वरचे महाभाग म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त निळ्या नळीत ओतून रेघ गाठणारे. त्या नळीत ईडीटीए असतं, तेही कॅल्शियमच धरतं. मग पीटी, एपीटीटी दोन्ही लांबतात आणि पलीकडे कुणीतरी लिव्हरचे रिपोर्ट मागवतं. अर्धी नळी मी परत पाठवते, कोणाचीही असो. याच्या उलटंही होतं. जन्मजात हृदयरोगाच्या निळसर ओठांच्या मुलाचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ५५ च्या वर असेल, तर रेघेपर्यंत भरलेली नळीही चुकीची, कारण त्यात प्लाझ्माच (पेशी सोडून उरलेला द्रव) कमी असतो. हिमॅटोक्रिट ६५ असेल तर २.७ मिली रक्ताला साधारण ०.१७ मिली सायट्रेट पुरतं.

आता बर्फाची गोष्ट. जत तालुक्यातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, तालमीत जाणारा, सारखं नाकातून रक्त यायचं. कलेक्शन सेंटरवाल्याने भर उन्हाळ्यात सॅम्पल खराब होऊ नये म्हणून निळी नळी बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीने पाठवली. हेतू चांगलाच होता. ज्या लॅबला ती गेली, तिथे कुणी न विचारता मशीनवर लावली. एपीटीटी लांबलेला, फॅक्टर आठ कमी, वॉन विलेब्रँड फॅक्टर, म्हणजे प्लेटलेट चिकटवणारं प्रथिन, तेही कमी. झालं, पोराला वॉन विलेब्रँड या जन्मजात रक्तस्रावाच्या रोगाचं लेबल चिकटलं. वडलांनी तालीम बंद केली, शाळेत खेळाच्या तासाला बसवून ठेवायला लागले, आणि आजी सुनेच्या माहेरचं काढून बसली. माझ्याकडे आले तेव्हा मी जुनी फाइल बाजूला ठेवली. समोर रक्त काढलं, नळी तशीच स्टँडवर ठेवली, तासाभरात सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा केला. सगळे आकडे नॉर्मल. नाकाचं कारण नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं: पोरगं नाक कोरत होतं.

न फिरवलेलं रक्त थंडीत ठेवलं की त्यातला फॅक्टर आठ आणि वॉन विलेब्रँड फॅक्टर दोन्ही घटतात, शिवाय फॅक्टर सात जागा होऊन पीटी खोटाच आखूड येऊ शकतो. म्हणून नळी खोलीच्या तापमानाला ठेवा आणि एपीटीटी चार तासांच्या आत करा. लांबून पाठवायचंच असेल तर फिरवा, प्लाझ्मा वेगळा करून परत फिरवा, गोठवा आणि गोठलेलाच पाठवा. ज्यांना एवढी उस्तवार जमत नाही, त्यांनी पेशंटलाच एसटीत बसवावं. पोरगं बर्फाशिवाय येतं.

दुसरा माझा राग बीटी-सीटीवर, म्हणजे ब्लीडिंग टाइम आणि क्लॉटिंग टाइमवर. बोट टोचून केलेली ही चाचणी नॉर्मल आली की ऑपरेशनचा परवाना मिळाल्यासारखे सगळे निर्धास्त. क्लॉटिंग टाइम लांबतो तो फॅक्टर जवळजवळ नसल्यातच जमा असेल तेव्हा. सौम्य हिमोफिलियात फॅक्टर ५ ते ४० टक्के असतो, तिथे सीटी गप्प राहतो. एपीटीटीसुद्धा कधीकधी काठावरच असतो. तिशीतला एक गडी दाढ काढून घरी गेला आणि रात्रभर पंचे भिजवत बसला. बीटी-सीटी नॉर्मल. एपीटीटी जेमतेम लांबलेला, फॅक्टर आठ १४ टक्के. मामा कशाने गेला विचारलं, तर लहानपणी सुंता नाही की अपघात नाही, साधा गळू कापला आणि रक्त थांबलंच नाही. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हिमोफिलिया आईच्या बाजूने येतो, म्हणून मी रिपोर्टवर सही करायच्या आधी आजोळ विचारते: आईचे भाऊ, मावशीची मुलं. अर्थात जवळपास एक तृतीयांश हिमोफिलियात घराण्यात कुणीच नसतं, तेव्हा "नाही" या उत्तरावरही झोपायचं नाही. आणि नाळ पडताना बाळाला रक्त येत राहिलं, पीटी-एपीटीटी दोन्ही चोख आले, तर फॅक्टर तेरा आठवा. या दोन्ही चाचण्यांना तो दिसत नाही.

नवीन डॉक्टर मंडळी थेट फॅक्टरचं पॅनेल मागवतात. आधी मिक्सिंग करा हो. पेशंटचा प्लाझ्मा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मे-निम्मे. एपीटीटी दुरुस्त झाला तर बहुधा कमतरता, नाही झाला तर इनहिबिटर (फॅक्टरला अडवणारी अँटिबॉडी), ल्युपस (चाचणीत अडथळा आणणारी अँटिबॉडी) किंवा हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध). पण लगेच वाचून मोकळे होऊ नका. फॅक्टर आठचा इनहिबिटर हळू काम करतो, म्हणून ३७ अंशांवर दोन तास ठेवून परत वाचा. म्हातारपणी अचानक मांडीभर काळंनिळं झालेल्या आजोबांचं निदान त्या दोन तासांत लपलेलं असतं.

काही बारीकसारीक. डायलिसिसच्या कॅथेटरमधून काढलेल्या रक्ताचा एपीटीटी म्हणजे हेपरिनचा एपीटीटी. कमतरता फॅक्टर आठची की नऊची हे न ठरवता क्रायो (दात्याच्या प्लाझ्मातून काढलेला घटक) चढवू नका, त्यात नऊ नसतो. एपीटीटी लांब पण आयुष्यात कधी रक्तस्राव नाही, तर फॅक्टर बारा किंवा ल्युपस आठवा. पीटीच्या नव्या किटचा आयएसआय (किटच्या संवेदनशीलतेचा आकडा) मशीनमध्ये बदला, नाहीतर रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्या पेशंटचा आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा) खोटा छापला जाईल. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) चालू असलेल्या हिमोफिलियाच्या मुलाचा एपीटीटी नॉर्मल दिसतो, म्हणून तो बरा झाला असं नाही.

शिराळा, पाटणच्या बाजूला घोणस चावलेल्यांचं रक्त २० मिनिटांत गोठतं का हे बघायची चाचणी अजूनही प्लास्टिकच्या नळीत केलेली दिसते. ती काचेचीच हवी, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. साबणाने धुतलेली नको, कोरडी हवी. आणि २० मिनिटं होईपर्यंत ती हलवून बघायची नाही. अँटिव्हेनम दिल्यावर तासाभरातच परत करून "औषध लागू पडेना" म्हणणारेही भेटतात. विष निष्प्रभ झालं तरी लिव्हरला नवं फायब्रिनोजेन (ज्याची गुठळी बनते ते प्रथिन) तयार करायला काही तास लागतात, म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी.