शाळेत समुपदेशक म्हणून पहिलं वर्ष: मी फसले ती जागा

एम.ए. करून ऐरोलीतल्या एका शाळेत लागले तेव्हा आत्महत्येचा धोका कुठल्या वयात कशामुळे वाढतो, हा वयोगटांचा तक्ता तोंडपाठ होता. लहान मुलांत घरातली भांडणं, मारहाण, उतावळेपणा. तेरा-चौदानंतर नैराश्य, स्वतःला इजा करणं, मित्रांनी वाळीत टाकणं. अठरानंतर दारू, बेकारी, एकटेपणा. आणि आधी केलेला आत्महत्येचा प्रयत्न ही कुठल्याही वयात मोठी धोक्याची खूण. नव्याने समुपदेशक झालेल्या तुम्हालाही हे येत असेलच.

मी फसले कारण मी रडवेला चेहरा शोधत होते. सहावीतला एक मुलगा मारामारी करून माझ्यापुढे बसला. कंपासपेटीचं झाकण उघड, बंद, उघड, बंद. मध्येच, "टीचर, जाऊ का?" फाइलवर मी लिहिलं: वर्तन समस्या. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत तो झाडणाऱ्या मावशींना म्हणाला, "मी नसलो तर घरी भांडणं होणार नाहीत." मावशी झाडू टाकून माझ्याकडे धावत आल्या.

हे सांगतेच, कंटाळलात तरी चालेल: मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये नैराश्य पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर येतं. 'मस्तीखोर', 'उद्धट' असा शिक्का मारून जो तुमच्याकडे पाठवला जातो, त्यालाही विचारा. लहान वयात राग आणि कृती यांत फार वेळ जात नाही. त्यामुळे 'काही ठरवलेलं दिसत नाही' म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि विचारायचं ते सरळ विचारा. "मरून जावंसं वाटतं का?" या प्रश्नाने तो विचार डोक्यात घुसत नाही. मी विचारलं नाही ते मुलाच्या काळजीने नव्हे, 'हो' म्हणाला तर काय करू, या भीतीने. 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना त्याच दिवशी बोलवायचं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पालकांनाही द्या, आणि तुमचीच रात्र जड गेली तर तुम्हीही लावा.

शनिवार-रविवारच्या कोर्सच्या प्रमाणपत्रांवर माझा विश्वास नाही. ठाण्याच्या एका हॉलमध्ये मीही एक घेतलंय, फ्रेम छान आहे. मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका, संध्याकाळी फोन उचलतो का ते बघा.

घाबरू मात्र नका. वेळेवर धरलेली पुष्कळ मुलं सावरतात. तो मुलगा आता आठवीत आहे, अजून भांडतो. फाइलचं ते पान मी फाडलं नाही. 'वर्तन समस्या'च्या खाली तारीख घालून त्याचं वाक्य लिहिलंय, मावशींनी सांगितलं तसंच.