चक जोन्स बघायचा कसा: सुरुवात कुठून करायची, पॉज कुठे करायचं, मोजायचं काय

लहानपणी टॉम अँड जेरी बघताना तुमच्याही लक्षात आलं असेल, काही भागांत टॉम वेगळाच दिसायचा, भुवया जाड, डोक्यात कायम काहीतरी शिजतंय असा चेहरा, आणि अगदी सुरुवातीला एमजीएम स्टुडिओच्या चिन्हातल्या सिंहाच्या जागी टॉमच येऊन ओरडायचा. ते 34 भाग 1963 ते 1967 मधले, अमेरिकन कार्टून डायरेक्टर चक जोन्सच्या टीमने केलेले. आपल्याकडे खूप जणांना जोन्स माहितीये तो एवढाच, आणि म्हणूनच सांगतो, इथून सुरुवात करू नका, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि त्याचं सगळ्यात भारी काम वॉर्नर ब्रदर्सकडे आधीच होऊन गेलं होतं.

आधी माणूस थोडा माहीत करून घ्या. जन्म 1912, अमेरिकेतलं स्पोकेन गाव, लहानपण लॉस एंजेलिसच्या बाजूला. वडील सारखे नवनवीन धंदे काढायचे आणि प्रत्येक वेळी कंपनीच्या नावाचे छापील कागद आणि पेन्सिली यायच्या, धंदा बुडाला की तो सगळा ढीग पोरांकडे, मग काय, चित्रं काढा. पुढे शुइनार्ड आर्ट इन्स्टिट्यूट, मग अब आयवर्क्सच्या कार्टून स्टुडिओत सेल धुवायचं काम, म्हणजे वापरून झालेल्या पारदर्शक शीटवरची शाई आणि रंग पुसायचे, 1933 ला वॉर्नरसाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडे, आणि 1935 पासून तिथल्या टेक्स एव्हरी या डायरेक्टरच्या हाताखाली, त्या वाळवी लागलेल्या लाकडी इमारतीत जिचं नाव पोरांनी टर्माइट टेरेस ठेवलं होतं. डायरेक्टर म्हणून पहिली फिल्म 1938 ची.

आता बघायला बसा. सगळ्यात आधी 1939 ची 'नॉटी बट माइस' लावा. गोंडस उंदीर, मऊ रंग, डिस्नेसारखं करायची धडपड, आणि संथ. कंटाळा आला तरी पूर्ण बघा, कारण लगेच पुढे 1942 ची 'द डोव्हर बॉईज' लावायचीये आणि तीन वर्षांत काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही. इथे पात्रं एका पोझमधून थेट दुसऱ्या पोझमध्ये जातात, मधे फक्त एक-दोन ओढल्यासारखी, फासलेली चित्रं. व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाचं बटण दाबायचं, मागे यायला स्वल्पविराम. ती फासलेली फ्रेम सापडली की थांबा आणि नीट बघा, माणसाला दोन चेहरे असल्यासारखं दिसतं, पण चालू असताना डोळ्यांना फक्त झपकन हललेलं कळतं.

मग 1949. 'फास्ट अँड फ्युरी-अस', सुसाट पळणारा पक्षी रोड रनर आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी, या जोडीची पहिली फिल्म. या जोडीच्या एखाद्या भागात कायोटी कड्यावरून पडतो ते शोधा, वरून दिसतं ते, तो लहान लहान होत जातो आणि खाली धुळीचा एक भपका उठतो. हे मोजा. जोन्स स्वतः सांगायचा की दिसेनासा व्हायला 18 फ्रेम आणि त्यानंतर 14 फ्रेमनी भपका. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद पडणं आणि मग अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त नुसती वाट बघणं. हसू त्या 14 फ्रेममध्ये आहे! प्रत्येक वेळी आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि यूट्यूबवर बऱ्याच कॉप्या 30 फ्रेमच्या असतात त्यात गणित चुकतं, शक्यतो डीव्हीडी किंवा चांगली कॉपी घ्या. आणि हे सगळं चित्रं काढायच्या आधी ठरायचं बरं का, डायरेक्टर एक्सपोजर शीटवर फ्रेम फ्रेम लिहून द्यायचा, सहा-सात मिनिटांची फिल्म, नंतर कापाकापी करायला काही उरायचंच नाही.

पुढची फिल्म माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, 1952 ची 'फीड द किटी'. मोठा बुलडॉग, पाठीवर बसणारं इवलंसं मांजराचं पिल्लू, आणि एका ठिकाणी त्याला वाटतं की पिल्लू बिस्किटाच्या पिठात गेलं. मालकीण त्याला मांजराच्या आकाराचं बिस्कीट देते आणि तो ते हळूच आपल्या पाठीवर ठेवतो, जिथे पिल्लू बसायचं तिथे. हे आवाज बंद करून बघा. अंग जवळजवळ हलत नाही, हलतात फक्त भुवया, पापण्या आणि ओठ. मी वहीत या कुत्र्याचे नऊ चेहरे उतरवलेत, भुवईची रेघ एक मिलीमीटर वर गेली तर दुःखाची भीती होते, हे हाताने काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून तुम्हीही काढा, चित्रकला येत नसली तरी काढा. आता टॉमच्या त्या भुवया आठवा, त्या कुठून आल्या ते कळेल.

मग 'डक अमक' 1953, डॅफी बदकाचं बॅकग्राउंड, अंग, आवाज सगळं खोडलं जातं तरी प्रत्येक वेळी तो डॅफीच वाटतो, का ते स्वतः शोधा. 'वन फ्रॉगी इव्हिनिंग' 1955 मध्ये बेडकाचं गाणं सोडलं तर बोलणं नाही. 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' 1957, जर्मन संगीतकार वाग्नरचं तासन् तास चालणारं ऑपेरा साहित्य साडेसहा-सात मिनिटांत, ही मात्र मोठ्या स्क्रीनवर बघा, जोन्सचा डिझायनर मॉरिस नोबल याचे रंग मोबाईलवर मरतात. जोन्स एकटा नव्हता हेही टायटल वाचताना लक्षात ठेवा, यातल्या बऱ्याच फिल्मना लेखक मायकल माल्टिझ, संगीत कार्ल स्टॉलिंग, आवाज मेल ब्लँक.

1962 ला दुसऱ्या स्टुडिओच्या फिल्मचं लेखन केल्यामुळे वॉर्नरने त्याला काढलं, मग एमजीएम, तिथले टॉम अँड जेरी, 1966 चा टीव्हीवरचा ग्रिंच. 1975 ला टीव्हीसाठी 'रिक्की-टिक्की-टावी' पण केलं, भारतातल्या बंगल्यातलं मुंगूस आणि नाग, घरच्या मुलांना दाखवायला ही उत्तम. 1996 ला मानद ऑस्कर, 2002 ला गेला.

शेवटी बघायची 1965 ची 'द डॉट अँड द लाइन', हिला ऑस्कर मिळालं. एक सरळ रेघ एका टिंबाच्या प्रेमात पडते. चेहरा नाही, डोळे नाहीत, भुवई तर नाहीच. रेघ खचते तिथे पॉज करा आणि स्क्रीनला पट्टी लावून बघा ती किती वाकलीये.