स्टार्टर फिरेना, दोष अर्थिंगचा

चावी मारली की स्टार्टर एक-दोन गचके देऊन थांबायचा, हेडलाइट मात्र लख्ख. बॅटरी १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारतानाही ११ च्या आसपास. बॅटरी दमलेली असती तर आकडा ९.६ च्या खाली गेला असता. म्हणजे करंट वाटेतच कुठेतरी अडत होता.

गाडी न्यूट्रलला ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर धरली आणि चावी मारायला लावली. दीड व्होल्ट! इथे ०.२ च्या वर जायला नको, म्हणजे बाकीचे व्होल्ट परतीच्या वाटेतच वाया जात होते. अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी तार, वरून अगदी धड दिसत होती. बोल्ट काढल्यावर लगखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट गंज निघाला. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासून घट्ट आवळलं. आता आकडा ०.१, आणि इंजिन पहिल्याच चावीला सुरू. नवा स्टार्टर घ्यायच्या आधी हे नक्की तपासा.