युकेचा स्पाऊस व्हिसा रिजेक्ट झाला तर काय करायचं

पयलं म्हणजे रिफ्यूजल लेटर शांतपणे वाचा, लगेच स्टेशन रोडवरच्या एजंटकडं पळू नका, नेमकं कुठल्या नियमात अडलं ते त्यातच लिहिलेलं असतंय. बऱ्याचदा घोडं पैशात अडतं. ११ एप्रिल २०२४ पासून नवीन अर्जाला तिकडच्या जोडीदाराची वर्षाला २९,००० पौंडाची कमाई दाखवावी लागते, आणि पेस्लिपवरचा हातात पडणारा आकडा न् बँकेत जमा झालेला आकडा जुळायलाच पाहिजे, थोडा फरक असला तरी कंपनीकडनं पत्र घ्या.

नुसता कागद राहिला असेल तर सरळ नवीन अर्ज टाका, फी पुन्हा भरावी लागते पण अपिलात महिनोन्महिने लटकण्यापेक्षा बरं. लग्नच खरं नाही म्हटलं असेल तर मात्र अपील कराच. कोल्हापुरात बसून करताय तर निकाल मिळाल्यापासून २८ दिवस, ऑनलाइन, फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडं, म्हणजे व्हिसाची अपिलं ऐकणाऱ्या तिकडच्या कोर्टाकडं. फी नुसत्या कागदांवर ८० पौंड, सुनावणीसकट १४०. सुनावणीच घ्या, तिकडचा जोडीदार स्वतः उभारून सांगू शकतो. हळदीचे ढीगभर फोटो नकोत, लग्नानंतरचे कॉल, पाठवलेले पैसे, भेटीची तिकिटं द्या.