जुन्या बोटीची कुंडली काढायची असेल तर

घरातल्या अल्बममध्ये एखाद्या बोटीचा फोटो सापडतो, किंवा मुरगावला पाहिलेली क्रूझ आता कुठे असेल असा प्रश्न पडतो, आणि माणूस लगेच तिचं नाव शोधायला बसतो. घोळ तिथेच होतो. वास्कोत शिपिंग एजंटच्या कचेरीत माझी नोकरी गेली बोटींचे कागद भरण्यात, म्हणून सांगतो: नावावर विसंबू नका. मालक बदलला की नाव बदलतं, आणि सुटलेलं नाव भलत्याच बोटीला मिळतं.

‘कर्णिका’च घ्या. एप्रिल 2019 मध्ये जालेश क्रूझेसने ती मुंबईत सुरू केली आणि मुंबई-गोवा फेऱ्यांमुळे आपल्यातले कितीतरी जण तिच्यावर जाऊन आले. तेव्हा बोटीचं वय होतं 29. इटलीतल्या मॉनफाल्कोनेच्या गोदीत फिंकान्तिएरीने बांधलेली ही बोट 1990 साली ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून समुद्रात उतरली. 2002 मध्ये ती ‘आरोझा ब्लू’ झाली, 2004 मध्ये ‘आयडाब्लू’, 2007 मध्ये ‘ओशन व्हिलेज टू’, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युवेल’, आणि शेवटी ‘कर्णिका’. आज ‘क्राउन प्रिन्सेस’ शोधाल तर 2006 ची वेगळीच बोट समोर येईल. ‘आयडाब्लू’ शोधाल तर 2010 ची.

म्हणून आधी आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नावाने बोटीला मिळणारा ओळख क्रमांक, मिळवा. सात आकडी असतो, बांधणीपासून भंगारापर्यंत बदलत नाही. 1996 पासून तो सक्तीचा आहे, आणि 2004 पासून बोटीच्या अंगावर कायमचा उमटवावा लागतो. प्रवासी बोटीवर तर तो वरून, आकाशातून दिसेल अशा सपाट जागीही घालतात. बोट मुरगाव बंदरात असेल तर गेटवर सीआयएसएफशी हुज्जत घालण्यापेक्षा हेडलँड सड्यावर जा, लांब लेन्स लावा आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, नाही तर मागच्या बाजूला, नावाच्या आसपास बघा.

फोटोत आकडा पुसट आला असेल तर ताळा करून बघता येतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा नंबरातल्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. कर्णिकेचा नंबर 8521220. म्हणजे 56, 30, 10, 4, 6 आणि 4. बेरीज 110, शेवटी शून्य. जुळलं. कचेरीत नवीन पोर आलं की मी त्याला आधी हेच शिकवायचो, कारण फॅक्सवरचा 3 आणि 8 कुणालाच ओळखता येत नसे.

नंबर हाती आला की बोटींची माहिती देणाऱ्या ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा. मालक, झेंडा, तपासण्या, सगळं तिथे दिसतं. मग फोटो जुळवा, पण रंगावर जाऊ नका. याच बोटीच्या नाळेवर आयडाच्या काळात मोठे लाल ओठ रंगवले होते. बदलत नाही तो सांगाडा. रेन्झो पियानो या वास्तुविशारदाने तिच्या पुढच्या भागाला डॉल्फिनच्या डोक्यासारखा घुमट दिला होता. तो 1990 च्या फोटोतही आहे आणि 2019 च्याही.

आयएमओच्या आधीच्या बोटींना जास्त खटपट लागते. आपल्याकडे आफ्रिकेला गेलेल्या घरांमध्ये ‘करंजा’चं नाव हमखास निघतं. पण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘करंजा’ दोन होत्या. पहिली नोव्हेंबर 1942 मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्यावर युद्धात बुडाली, दुसरी 1948 ची. आजोबा पन्नाशीच्या दशकात मोंबासाला गेले असतील तर दुसरीच; ती पुढे 1976 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनने घेऊन तिचं ‘नानकौरी’ केलं. घरात कुणी तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होऊन गेला असेल तर त्याचं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, शोधा. त्यात बोटीचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख आणि बंदर शिक्क्यानिशी असतं, आणि काका गणपतीत सांगायचे त्या गोष्टींपेक्षा ते भरवशाचं. तारीख मिळाली की पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या सुमाराची वर्तमानपत्रं चाळा. लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या नोंदवहीचे जुने खंडही आता बरेचसे ऑनलाइन बघता येतात.

एक गोष्ट मला बातम्यांमध्ये फार खटकते. ‘70 हजार टन वजनाची बोट’ असं छापतात. कर्णिकेचे ते सुमारे 70 हजार म्हणजे ग्रॉस टनेज, बोटीच्या आतल्या जागेचं माप. वजनाशी त्याचा संबंध नाही. भंगारवाला दर लावतो तो एलडीटीवर, म्हणजे रिकाम्या बोटीच्या खऱ्या वजनावर. तुमच्या टिपणात दोन्ही आकडे वेगळे लिहा.

शेवट शोधायचा तर गुजरातमधलं आलंग. 1983 पासून तिथे उधाणाच्या भरतीला बोटी सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला तोडतात. कोविडमध्ये जालेश बंद पडली, कर्णिका लिलावात गेली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये आलंगला पोचली. कुठली बोट कुठे तोडली याची वर्षवार यादी ‘एनजीओ शिपब्रेकिंग प्लॅटफॉर्म’ छापतं. आलंगच्या रस्त्यावर बोटीतल्या खाटा, खुर्च्या, काचसामान विकणारी दुकानं आहेत. आठवण म्हणून काही घेणार असाल तर दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजू नका. वस्तूवर मालकाचा छाप बघा, आणि तो छाप सहापैकी कुठल्याही नावाच्या काळातला असू शकतो हे ध्यानात ठेवा. गोदीची पितळी पाटी किंवा डेकचा नकाशा मिळाला तर मात्र घासाघीस थोडी कमी करा.

बोट तुटली तरी तिचं भावंड असू शकतं, तेही बघा. कर्णिकेची जुळी 1991 ची ‘रीगल प्रिन्सेस’. मधल्या काळात ती ‘पॅसिफिक डॉन’ होती, आणि 2022 पासून ‘अ‍ॅम्बियन्स’ नावाने इंग्लंडमधल्या टिलबरीहून फिरू लागली. घुमट तोच. नंबर 8521232, ताळा तुम्हीच करा आणि बोटी कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ‘मरीनट्रॅफिक’ संकेतस्थळावर टाकून बघा कुठे आहे ती.