इंजिनाला वारा किती लागतो, ते गवंड्याच्या नळीने मोजा

पाया आखताना गवंडी लांब पारदर्शक नळीत पाणी भरून दोन कोपऱ्यांची लेव्हल बघतो, ते तुम्ही पाहिलं असेलच. त्या नळीच्या एका टोकाला फुंकर मारली की दुसऱ्या टोकाचं पाणी वर चढतं. घरी बांधलेल्या विमानात इंजिन थंड करणारी हवा मोजायला एवढं शास्त्र पुरतं. मला ते सुचायला मात्र अख्खा उन्हाळा गेला.

मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो. माझं विमान आरव्ही-७ (सुट्या भागांचं किट आणून घरी जोडायचं छोटं विमान), इंजिन लायकमिंग ओ-३६०, १८० हॉर्सपॉवर. (गावी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे त्या कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांसारखं?" नाही हो, त्यांनी सगळं स्वतः डिझाइन केलं. मी किट जोडलं.) उड्डाण सुरू झालं आणि जुलैच्या उकाड्यात वर चढताना सिलिंडर हेडचं तापमान ४३५ अंश फॅरनहाइटला टेकायला लागलं. लायकमिंगची शेवटची मर्यादा ५०० आहे, पण इंजिन टिकवायचं तर ४३५ च्या खाली ठेवा, ४०० च्या खाली असेल तर उत्तम, असं कंपनीच सांगते. हँगरमध्ये प्रत्येकाचं निदान वेगळं. एक म्हणाला हवा आत येण्याचं तोंड लहान आहे, दुसरा म्हणाला बाहेर जाण्याचं. मीही महिनाभर नुसतं तापमान बघत बसलो. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. अंदाजपंचे काम केलेलं दिसलं की विचारायचे, "मापलंस का?" मापलं नव्हतं.

आता मापायचं काय? काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत दोन मजले आहेत असं समजा. पुढच्या दोन तोंडांतून हवा वरच्या मजल्यावर येते, सिलिंडरच्या पंखांमधून (उष्णता सोडायला त्याच्या अंगावर असलेल्या पातळ पट्ट्या) खाली उतरते आणि खालच्या मजल्यावरून मागे बाहेर पडते. दोन मजल्यांमधल्या दाबाच्या फरकामुळेच हवा पंखांतून जाते. तो फरक 'इंच पाणी' या मापात मोजतात. म्हणजे नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात किती इंच अंतर पडलं, तेवढा दाब.

दाब उचलायला दोन दांडे करा. पाव इंची ॲल्युमिनियमची नळी फूटभर कापा, एक टोक चेपून बंद करा आणि अंगावर साधारण मिलिमीटरभर व्यासाची दहा-बारा भोकं पाडा. आकार बासरीचाच. भोकांच्या कडेची कुसळं नीट काढा, ती राहिली तर रीडिंग खोटं येतं. एक दांडा वरच्या मजल्यावर, सिलिंडरच्या वर आडवा. आत घुसणाऱ्या हवेचा झोत थेट भोकांवर येता कामा नये, नाहीतर दाबाऐवजी झोतच मोजाल. दुसरा खाली, एक्झॉस्टच्या पाइपांपासून आणि बाहेर पडण्याच्या तोंडापासून लांब. एका भोकाऐवजी अनेक भोकं अशासाठी, की आत हवा घुसळत असते आणि आपल्याला सरासरी हवी असते.

नळ्या केबिनमध्ये आणताना एक गोष्ट लक्षात ठेवा: फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली आग अडवणारी भिंत) प्लॅस्टिकची नळी नेऊ नका. तिथे स्टीलचा तुकडा पक्का बसवा आणि प्लॅस्टिक त्याच्या अलीकडे, केबिनच्या बाजूला जोडा. इंजिनाकडे आगीला टिकणारी नळी वापरा. चाचणी तात्पुरती असते, आगीला ते माहीत नसतं.

पाण्याची नळी विमानात नेली तर पहिल्याच हिसक्याला पाणी मांडीवर. मी नेली होती, म्हणून सांगतो. विमानात त्याऐवजी जुना एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे वेग दाखवणारा काटा, वापरा. दोन दाबांतला फरक मोजणं हेच त्याचं काम. वरच्या मजल्याची नळी पिटोच्या तोंडाला (एरवी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारं) जोडा, खालच्याची स्टॅटिकला (एरवी आजूबाजूच्या हवेचा साधा दाब घेणारं). मला ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्यात जुन्या सामानातून एक मिळाला, काच चरे पडलेली, काटा ठणठणीत.

गवंड्याची नळी वापरायची ती जमिनीवर, हा काटा तपासायला. टी (तीन तोंडांचा जोड) लावून गवंड्याची नळी आणि इंडिकेटरचं पिटोचं तोंड या दोघांना एकच रबरी नळी जोडा, तिचं मोकळं टोक चिमट्याने बंद करा आणि तिथून ती पेन्सिलीवर हळूहळू गुंडाळत या. दाब सावकाश वाढतो. पाण्यात ३ इंच अंतर पडलं की काटा ६८ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) हवा, ५ इंचाला ८८ वर. तोंडाने अजिबात फुंकू नका. फुप्फुसांचा जोर इंडिकेटरच्या आतल्या नाजूक डबीला झेपत नाही आणि श्वासातला ओलावा आत जाऊन बसतो.

मग उडा. सकाळी सहाला, हवा शांत असताना. अमेरिकेत घरी बांधलेल्या नव्या विमानाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांत हौसेने कुणाला शेजारी बसवता येत नाही, म्हणून मी फोन स्टँडवर लावून पूर्ण पॅनलचा व्हिडिओ घेतला. चढताना नजर बाहेर हवी, वहीत नको. पूर्ण पॉवर, १०० नॉट, जमिनीपासून ४,००० फूट वर, वेग दोन नॉटपेक्षा जास्त हलू न देता. बाहेरचं तापमान टिपायला विसरू नका. १० अंश गरम दिवशी सिलिंडरही साधारण तेवढाच जास्त तापतो, ते वजा केल्याशिवाय दोन दिवसांची तुलना करू नका. उंचीचंही तसंच. ८,००० फुटांवर त्याच काट्याच्या वेगाला दाबाचा फरक तेवढाच दिसेल, पण हवा विरळ असल्याने समुद्रसपाटीच्या मानाने वजनाने सुमारे ११ टक्के कमी हवा वाहते.

माझा आकडा आला ६३ नॉट, म्हणजे २.६ इंच. १०० नॉटला समोरून येणाऱ्या हवेचा दाबच ६.५ इंच असतो. मग बाकीचा गेला कुठे? त्यासाठी प्रत्येक मजला विमानाच्या स्टॅटिक दाबाशी वेगळा मोजला. (स्टॅटिकच्या नळीत टी लावली तर काढल्यावर गळती तपासल्याशिवाय उडू नका.) वर ४.९, खाली २.३. वरचा आकडा वाईट नव्हता, खालचा फार होता. बाहेरचं तोंड मोठं करायला मी पत्र्यावर रेघसुद्धा मारली. शेजारच्या हँगरमधले निवृत्त मेकॅनिक आजोबा म्हणाले, आधी अंधारात दिवा लावून बघ.

रात्री काउलच्या खाली दिवा सोडला आणि पुढच्या तोंडातून आत पाहिलं. डाव्या बाजूला, तोंडाच्या उताराशी रबराचं सील मागे दुमडलं होतं. करंगळी जाईल एवढी फट, हातभर लांब. सील पुढे वळलेलं हवं, म्हणजे हवाच त्याला काउलवर दाबून धरते. माझं उलटं वळलं होतं, त्यामुळे हवा त्याला उघडत होती आणि पंखांना न शिवता थेट खालच्या मजल्यावर उतरत होती. खालचा दाब त्यानेच फुगला होता. पत्रा कापला असता तर फक्त ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढला असता.

नवीन सील आणि कोपऱ्यांत लाल सिलिकॉन, एवढ्या कामाला शनिवार गेला. पुढच्या चढाईत वर ५.३, खाली १.६, काटा ७५ वर. सर्वांत गरम सिलिंडर त्याच हवामानाच्या हिशेबाने ४०५.

तो तीन नंबरचा होता, उजवीकडचा मागचा, आणि बाकीच्यांपेक्षा अजून १५ अंश वर. हे दाबाच्या काट्याला दिसत नाही, कारण तो सगळ्यांची मिळून सरासरी सांगतो. तिथे सिलिंडरचे पंख उथळ आहेत आणि मागचं बॅफल (हवा सिलिंडरभोवती वळवणारा पत्रा) त्यांना चिकटून बसतं, हवेला वाटच उरत नाही. मध्ये दोन वॉशर घालून बॅफल जरा मागे सरकवलं. तीन नंबर १२ अंशांनी उतरला, आणि काटा ७५ वरून ७४ वर आला.